मावशींचं पोट

"तुमचा पोट कसा हाय?"

भिवंडीच्या नारपोलीत आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझं लग्न नुकतंच झालं होतं. नवऱ्याला जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात नोकरी होती आणि मला भिवंडीतल्याच एका मराठी शाळेत. खोली वरच्या मजल्यावर होती, जिना बाहेरून होता, पुढे वीतभर गॅलरी. मी भाड्याचं आणि पाण्याचं विचारायच्या तयारीत गेले होते. पोटाची तयारी केलेली नव्हती.

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरा म्हंजे? सकाली येकदा, का दिवसभर?"

माझा नवरा एकदम भिंतीचा रंग निरखू लागला. मी कसंबसं "एकदाच" म्हटलं. मग तोच प्रश्न त्यालाही झाला. त्याचंही उत्तर पसंत पडलं तेव्हा कुठे त्यांनी कमरेची किल्ली काढली.

राहायला गेल्यावर या प्रश्नामागचं कारण कळलं. घराच्या मागच्या अंगाला संडास एकच होता, आणि घरमालकीणबाईंना कधी जावं लागेल याचा नेम नसे. आधीचा भाडेकरू आत पेपर घेऊन बसायचा. चांगला माणूस होता, भाडं वेळेवर द्यायचा, पण त्या पेपरापायी त्याला त्यांनी घालवलं होतं.

आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेली बाई, उंच, हाडापेरानं मोठी. पण अंगावर मांस असं नव्हतंच. दुसऱ्या कुणाची हाडं उसनी आणल्यासारखं त्यांचं शरीर दिसायचं. ओटीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता, त्यातली नवरी चांगली गुबगुबीत. नवीन माणूस फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघू लागला की त्या म्हणायच्या, "मीच हाय ती. पोटानं खाल्ली मना."

नवरा वारलेला होता. भातशेती होती ती बरीचशी विकली गेली होती, उरलेल्या जागेवर पत्र्याची शेड होती आणि त्यात कापड विणायचे, भाड्यानं दिलेले लूम दिवसभर खटखटत असायचे. एकच मुलगा, जयेश. तो टेम्पोचा धंदा बघायचा. घरात दोघंच, पण चुली दोन. एका गॅसवर जयेशचं जेवण व्हायचं. पडवीच्या कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह होता, त्यावर मावशींचं. त्यांची भांडी वेगळी, पळी वेगळी, तवासुद्धा वेगळा. चुकून जयेशनं त्या तव्यावर चपाती शेकली तर दिवसभर त्याच्याशी बोलणं बंद.

खाण्याच्या पदार्थांशी त्यांनी नाती लावलेली होती. "तांदूल माहेरचा. कवा बी जा, दार उघडा," असं त्या म्हणायच्या. गहू सासरचा. दूध सवत. तुरीची डाळ चुलत सासू, समोर गोड बोलते आणि मागून काड्या करते. वांगं, कांदा, हरभरा ही सगळी भावकी, त्यांच्याशी बोलाचाली नाही. मासे मात्र त्यांना कोड्यात टाकायचे. एखाद्या दिवशी तळलेला पापलेट सुखानं पचायचा आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातला तसलाच पापलेट त्यांना आडवं करायचा. "मासा नीट हाय, त्याचा सभाव लहरी हाय," असा त्यांनी त्याचा निकाल लावला होता.

गव्हावर त्यांचा संशय फार जुना होता. चपाती, पाव, बिस्किटं त्यांनी कधीच बंद केली होती. पण तरीही दुखणं थांबेना, म्हणून त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेत नसे. डॉक्टरांनी त्यांना आम्लपित्त सांगून झालं होतं, जंत सांगून झाले होते, एकानं क्षयाची औषधं दिली होती आणि एकानं झोपेच्या गोळ्या. एका भगतानं शेतजमीन विकल्यामुळे वेशीवरचा देव कोपला असं सांगून कोंबडा घेतला. "कोंबडा तरी मना द्यायचा व्हता," मावशी म्हणायच्या, "तो पचतो मना."

मग त्यांनी स्वतःच शोध सुरू केला. एक पदार्थ धरायचा, भाताबरोबर काही दिवस तेवढाच खायचा आणि पोट काय म्हणतं ते ऐकायचं. "आज दुधी चाललाय," त्या जिन्याखालून ओरडून सांगायच्या. दुधी टिकला तर मोहल्ल्याला कळायचं, नाही टिकला तरी कळायचं. लाज हा प्रकार त्यांनी या विषयापुरता बाजूला ठेवला होता. मला सुरुवातीला ते ऐकवायचं नाही. ओटीवर पाहुणे बसलेले असताना त्या भाजीवाल्याला सकाळची हकीकत सांगत, आणि तो हातातली मेथी तशीच धरून मन लावून ऐकत असे.

संध्याकाळी मी शाळेतून आले की त्यांचा दुसरा कार्यक्रम असायचा. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर त्या बसलेल्या असत.

"मास्तरीनबाय, डब्याला काय नेलं व्हतंस?"

"मटकीची उसळ आणि पोळी."

"येवढाच सांगू नको. सुकी का रश्श्याची?"

मग मी सांगायची. रस्सा होता, पण तो मटकीनं पिऊन टाकला. खोबरं जरा जास्त झालं होतं. पोळी दुपारपर्यंत कडेनं कडक होते पण मध्ये मऊ राहते. त्या डोळे बारीक करून ऐकायच्या, मधेच प्रश्न करायच्या. लिंबू पिळलं होतंस का? मग पहिला घास कसा लागला आणि शेवटचा कसा? एकदा शाळेत कुणाच्या तरी बढतीचं श्रीखंड होतं. ते सांगताना मी "छान होतं" म्हणून मोकळी झाले, तर त्या रागावल्या. "छान कना? छान तर साडी बी असते." त्यानंतर मी जेवताना लक्ष देऊन जेवू लागले. नवरा म्हणायचा, तू हल्ली परीक्षेला बसल्यासारखी जेवतेस.

शेजारी एक कोकणी मुसलमान कुटुंब होतं, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं. त्यांच्या घरच्या बाईंना सगळे खाला म्हणायचे. खाला आणि मावशी यांचं तोंडानं कधी पटलं नाही. पाण्याच्या नळावरून, मांजरावरून, लूमच्या आवाजावरून त्यांची रोज जुंपायची. पण ईदेला खाला एक झाकलेली थाळी घेऊन स्वतः यायच्या. थाळीत तांदळाची सांदणं असायची, नारळाच्या दुधातली.

"हे खा. दूध नाय, मैदा नाय, काय नाय. वेगळ्या भांड्यात उकडलीत," त्या म्हणायच्या, आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहायच्या.

मावशी एक सांदण तोडून, वास घेऊन खायच्या. "गोड कमी पडला."

"मग दे परत."

"खाल्लेला परत देतान?"

एवढं बोलून दोघी आपापल्या घरात जायच्या. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, लूम बंद. त्या दिवशी सगळीकडे इतकी शांतता असायची की दोघींची भांडणं चार घरं पलीकडे ऐकू जायची.

मावशींचं माहेर कशेळीला, खाडीच्या काठावर. इथून अंतर काहीच नाही, पण त्या वर्षानुवर्षं गेल्या नव्हत्या. कारण वाटेतला ट्रॅफिक. कंटेनर, ट्रक, टेम्पो यांची रांग पुलापर्यंत लागली की रिक्षा तासन्‌तास हलायची नाही, आणि मावशींचं पोट काही ट्रॅफिक सुटायची वाट बघणारं नव्हतं. पुरुष ट्रकच्या आडोशाला जातात, बाईनं कुठे जायचं? सख्ख्या भावाच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हाही त्या गेल्या नाहीत. भाऊ रुसला होता.

मग भावाला पहिला नातू झाला. बारशाला मात्र त्या जिद्दीनं निघाल्या. सोबत मला घेतलं, कारण मला रविवारची सुट्टी होती. आदल्या दिवसापासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. तरी कशेळी दिसायला लागली आणि रिक्षा अडकली. थोड्या वेळानं मावशींनी माझा हात धरला. हात घामानं गार झाला होता.

"मास्तरीनबाय, उतर."

आम्ही ट्रकच्या मधून वाट काढत रस्त्याच्या कडेला आलो. समोर एक भलं मोठं गोदाम होतं, निळं गेट, खुर्चीत वॉचमन. मावशींनी त्याला सरळ विचारलं, "संडास कुठं हाय?"

"लेडीज के लिए नहीं है," तो म्हणाला. "बाहर वालों को अलाऊ नहीं."

मी काहीतरी विनवणीचं बोलायला तोंड उघडलं. मावशींनी मला हातानं मागे सारलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज तेव्हा कुठून निघाला कोण जाणे.

"किसका गोदाम है ये?"

"कंपनी का."

"कंपनी का? इधर मेरे बाप का खेत था. तू जिधर खुर्ची डालके बैठा है ना, उधर हमारी आंब्याची कलम थी. मेरे बाप ने मेरेको उधर झूला बांधा था. और तू मेरेको ना बोलता है? बुला तेरे कंपनी को!"

ट्रकवाले खिडकीतून माना बाहेर काढून बघायला लागले. कुणीतरी हॉर्न वाजवून दाद दिली. आतून शर्टपँटमधला एक मॅनेजर धावत आला. त्याला काय झालंय हे समजायच्या आतच मावशी त्याच्या शेजारून आत निघून गेल्या होत्या. त्याच्या ऑफिसाला जोडून स्वच्छ, टाइल्स लावलेलं बाथरूम होतं. त्या बाहेर आल्या त्या शांत चेहऱ्यानं. मॅनेजरनं पाणी दिलं. मावशी त्याला म्हणाल्या, "जागा चांगली ठेवलीस. माझा बाप खूश झाला असता."

बारशाला आम्ही वेळेवर पोचलो. त्यानंतर त्या माहेरी वरचेवर जाऊ लागल्या. वॉचमन सलाम करायचा म्हणे.

त्यांच्या नवऱ्याविषयी त्या क्वचितच बोलायच्या. जे थोडं कळलं ते खालांकडून. पाहुण्यांसमोर बायको जेवत नाही, ताटावरून उठून जाते, याची त्या गृहस्थांना फार लाज वाटायची. "हिची नाटकं हायेत," ते सगळ्यांना सांगायचे. "माझ्या घरचा खाल्ला की हिचा पोट दुखतं, माहेरी बरा दुखत न्हाय." एकदा त्यांनी शेजाऱ्यांसमोर ताट भिरकावलं होतं. माहेरी खरंच दुखायचं नाही. तिकडे म्हाताऱ्या आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि खाडीतलं कालवण, दुसरं काही नसायचं. पण या गोष्टीचा खरा अर्थ तेव्हा कुणी लावला नाही. मावशींनीही नाही.

जयेशचं लग्न ठरलं ते वळच्या मुलीशी. तिच्या घरच्यांची जमीन गोदामांत गेली होती आणि दारात दोन गाड्या होत्या. मुलीकडचे घर बघायला आले, तेव्हा मावशींनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः काही घेतलं नाही. मुलीच्या आईनं आग्रह केला, मावशींनी हात जोडले. तेवढ्यावरून बोलणं सुरू झालं. आठवड्याभरात मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलीच्या आईचं म्हणणं असं होतं, की एक तर या बाईला आमचा कमीपणा वाटतो, नाही तर तिला काही तरी लपवण्यासारखा आजार आहे. दोन्हीपैकी काय ते आधी सांगा. साखरपुडा आमच्या दारात आहे. त्या दिवशी बाई पंगतीला बसून जेवली, तर पुढे जायचं.

जयेश त्या संध्याकाळी ओटीवर मान घालून बसला होता. मी जिना चढत होते, तेव्हा त्याचं बोलणं कानावर आलं.

"आय, येक दिवस खा ना. येका दिवसानं काय व्हतं?"

मावशी म्हणाल्या, "तुला बी नाटक वाटतं कना?"

"तसा न्हाय बोलत मी."

"मग कसा बोलतंस?"

तो वाईट मुलगा नव्हता. आईच्या दुखण्यात लहानाचा मोठा झालेला, त्याला ते दुखणं घरातल्या एखाद्या कपाटासारखं वाटत असावं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी वर आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीनबाय, मी जेवनार हाय. तू माझ्या बाजूला बस."

साखरपुड्याला मांडव घातला होता, केटरर बोलावला होता. पुरी, बटाट्याची भाजी, मटण, चपात्या, गुलाबजाम. मुलीची आई स्वतः वाढायला आली. ठसठशीत बाई, गळ्यात सोन्याचा भार. मावशींनी पहिली पुरी तोडली. त्या कशाबशा दोन घास ढकलतील असं मला वाटलं होतं, पण त्या जेवल्या. सावकाश, चावून, चवीचवीनं जेवल्या. गुलाबजाम तोंडात घातला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"आनखी येक वाढू?" मुलीच्या आईनं विचारलं. तिचा स्वर आता मऊ झाला होता.

"वाढ," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तू सांगतंस तसा न्हाय लागत गो. त्याहून चांगला लागतं."

परतीच्या जीपमध्येच सुरू झालं. घरी पोचेपर्यंत उलट्यांनी त्या पिळून निघाल्या होत्या. पुढचे दिवस जुलाब थांबेनात, पाय सुजले, उठून उभं राहता येईना. इथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून पाहिलं आणि मग ठाण्याला न्यायला सांगितलं. गाडीत जयेश त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ठाण्याच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आधी कुणी न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली. "काय खाल्ल्यावर त्रास होतो ते नंतर सांगा," त्या म्हणाल्या. "काय खाल्ल्यावर बरं वाटतं?"

मावशींनी पडल्यापडल्या सांगायला सुरुवात केली. तांदूळ, भाकरी, सांदणं, घरचं कालवण. पापलेटच्या लहरी स्वभावाची हकीकतही सांगितली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेजारच्या घरात मासे कशात घोळवून तळतात?"

"रव्यात."

"आणि तुम्ही?"

"तांदलाच्या पिठात." मावशींनी उशीवरून मान उचलली. "रवा बी गव्हाचाच कना!"

तुरीच्या डाळीला फोडणीत हिंग असतो, आणि बाजारातल्या त्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हेही तेव्हाच कळलं. डाळ बिचारी निर्दोष निघाली. रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचं उत्तर आलं त्या दिवशी जयेश आणि मी दोघंही तिथे होतो. गव्हामधलं एक द्रव्य त्यांच्या आतड्यांना सोसत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते पोटात गेलं की आतड्याचं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. दुधाचा त्रासही बहुधा त्यामुळेच. औषध नाही. गहू आयुष्यभर बंद, अगदी कणभरसुद्धा. मग आतडं आपोआप भरून येतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी येडी न्हवती?"

"नाही हो. मुळीच नाही."

"ह्याला सांगा," मावशींनी जयेशकडे बोट केलं. "मोठ्यानं सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग त्यांनी मावशींचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. जयेशकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तुमच्या आईंना खरोखरचा आजार आहे. इतकी वर्षं होता. त्या सांगत होत्या ते बरोबर होतं."

जयेश स्टुलावर बसून फरशीकडे बघत होता. त्यानं मान हलवली.

"आनि त्यांना कोन सांगनार?" मावशी म्हणाल्या. त्या कुणाविषयी बोलत होत्या ते डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. आम्हाला कळलं. ताट भिरकावणारा माणूस केव्हाच गेला होता.

वळहून मुलीची आई भेटायला आली. येताना तिनं शहाळी आणली, आणि बसल्या बसल्या आधी हे सांगितलं की गुलाबजाम त्याच दिवशीचे ताजे होते, बाकी कुणालाही काही झालं नाही. आजाराचं नाव ऐकून तिनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. गहू काय कुणाला बाधतो? तरी लग्न झालं. हळदीच्या दिवशी मावशींनी आपली भाकरी आपल्या डब्यातून काढून पंगतीत सगळ्यांच्या मधोमध खाल्ली.

पुढे वर्षभरात त्यांच्या अंगावर मांस दिसू लागलं. दूध परत आलं, वांगी आली, डाळ आली. वातीचा स्टोव्ह मात्र त्यांनी सोडला नाही. सूनबाई आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला वेगळा तवा दाखवण्यात आला. आता नवीन छंद लागला. बाजारातली प्रत्येक वस्तू संशयित. मसाल्याची पुडी, सॉस, गोळ्यांची पाकिटं घेऊन त्या वर यायच्या आणि बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घ्यायच्या. एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला त्यांनी एक वडी दाखवून विचारलं, ह्याच्यात गहू हाय का? तो वैतागून म्हणाला, "मावशी, ये साबुन है." त्यांनी तरीही ती मला वाचायला लावली.

पोट सुधारलं तसा त्यांचा स्वभाव मात्र थोडा बिघडला, हे सांगायला हवं. त्या पूर्वीपेक्षा जास्त भांडू लागल्या, भाडं वाढवू लागल्या. जिन्यावर बसून माझं जेवण ऐकण्यात त्यांना रस उरला नव्हता. स्वतःचं जेवण असताना कोण दुसऱ्याचं ऐकतो? मला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

जयेशला मुलगी झाली. दीडेक वर्षाची होईपर्यंत गुटगुटीत होती. मग ती बारीक होऊ लागली. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. सतत किरकिर. सूनबाई दृष्ट काढायची. वळची आजी येताना बिस्किटांचे पुडे आणायची, दुधात कुस्करून भरवायची, कारण पोरीनं दुसरं काही खाल्लं नाही तरी बिस्किट खायची.

मी खाली गेले होते त्या दिवशीची गोष्ट. वळची आजी पोरीला मांडीवर घेऊन भरवत होती. मावशी आतून आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि त्यांनी वाटी ओढून घेतली. दूध सगळं फरशीवर सांडलं.

"काय करतंस ग?" वळची आजी ओरडली. "पोरीच्या तोंडचा घास काढतंस?"

"हा पोट बघ तिचा."

"लहान पोरांचा पोट असाच असतं."

"न्हाय. हा माझा पोट हाय," मावशी म्हणाल्या. "मी वलखते."

मोठं भांडण झालं. तुझं दुखणं पोरीला लावू नको, एवढंपर्यंत वळची आजी बोलली. मावशी एकाएकी खाली बसल्या. त्यांना आवाजानं रडताना मी तेव्हा पाहिलं, एकदाच. "मीच दिला न तिला हा," त्या म्हणत होत्या. "दुसरा काय द्यायला न्हवता मना." सूनबाई आईकडे बघत होती आणि सासूकडे बघत होती. मग कुणाला काही न विचारता तिनं पोरीला उचललं, पिशवी भरली आणि जयेशला फोन लावला, "गाडी काढा. ठाण्याला जावाचा हाय."

तपासणीत तेच निघालं. पण पोरीच्या बाबतीत वर्षं वाया गेली नाहीत. काही महिन्यांत ती धावायला लागली.

तिला आमच्या शाळेच्या बालवर्गात घातलं. वर्ग दुसऱ्या बाईंचा होता, पण माझ्या वर्गाला लागूनच. पहिले काही आठवडे मावशी तिला सोडायला यायच्या आणि परत जायच्याच नाहीत. व्हरांड्यात भिंतीला टेकून शाळा सुटेपर्यंत बसायच्या. डबा खायच्या सुट्टीत त्या वर्गात डोकं घालून बघायच्या. बाईंनी माझ्याकडे तक्रार केली. मी मावशींना सांगून पाहिलं. "पोरा घास देतात येकमेकांना," त्या म्हणाल्या. "ती न्हाय बोलली की हसतील तिला. रुसतील. मग ती खाईल. मी खाल्ला न्हाय?"

एक दिवस एका मुलाचा वाढदिवस होता. नवा शर्ट घालून तो हातात केकच्या तुकड्यांचा ट्रे घेऊन बाकाबाकापाशी फिरत होता. त्याची आई दाराशी उभी होती. मीही माझ्या वर्गातून बाहेर आले होते. मावशी उठून खिडकीशी आल्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी खिडकीचा गज पकडला होता.

मुलगा पोरीच्या बाकाशी आला. ट्रे पुढे केला.

"मला गहू नाय चालत," पोरगी म्हणाली. नाव विचारल्यावर नाव सांगावं, इतक्या सहज. ना आवाज खाली, ना मान खाली.

मुलानं तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि ट्रे घेऊन पुढच्या बाकाकडे गेला.

पोरगी आपल्या पाटीवर पुन्हा रेघा ओढू लागली.

मावशी गज धरून तशाच उभ्या होत्या. आणखी काहीतरी होईल म्हणून त्या वाट बघत असाव्यात. कुणी हसेल, कुणी विचारेल, दाराशी उभी असलेली त्या मुलाची आई आग्रह करायला आत जाईल. ट्रे शेवटच्या बाकापर्यंत गेला, मुलं केक खाऊ लागली, बाईंनी गाणं सुरू केलं.

"काय बोलला तो?" मावशींनी मला विचारलं.

"बरं म्हणाला."

"येवढाच?"

"एवढंच."

त्यांनी गज सोडला. पायात चपला सरकवल्या, पदर नीट केला आणि शाळा सुटायला अजून बराच वेळ असताना त्या फाटकातून बाहेर पडून घरी गेल्या.